निम्मा पगार कापला जाणार असेल तर जर्मनीला जावं का?

वाचकाचं पत्र :

मी ३४ वर्षांचा आहे. चिंचवडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन इंजिनिअर म्हणून काम करतो. सीटीसी वीस लाख. स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची ऑफर हातात आहे : वर्षाला ६०,००० युरो, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपातला कामाचा परवाना), १ ऑक्टोबर २०२५ला रुजू व्हायचं. पत्नी एका खासगी शाळेत शिकवते, तिला महिना तीस हजार मिळतात. मुलगी चार वर्षांची. विचार असा आहे की मी आधी एकट्याने जावं, दोन वर्षं बस्तान बसवावं, पैसे साठवावेत आणि मग दोघींना न्यावं.

पण जो भेटतो तो नवीनच काहीतरी सांगतो. ऑफिसमधले म्हणतात, तिकडे निम्मा पगार टॅक्समध्येच जातो. मामा म्हणतात, इथला पी.एफ. निदान आपल्या नावावर असतो, तिथली पेन्शन म्हणजे पैसे पाण्यात. म्युनिकचा मित्र म्हणतो, गेल्या गेल्या टॅक्स क्लास तीन (पगारातून दरमहा कमी कर कापला जातो तो गट) घे. एका एजंटाचे मेसेज येतायत की सरकारी आरोग्यविमा घेऊ नका, खासगी निम्म्यात पडतो. आई-वडील साताऱ्याला असतात, त्यांना मी दरमहा पैसे पाठवतो. जावं की नाही?

उत्तर :

जा. पण दोन वर्षं एकट्याने राहायचा बेत सोडून द्या. तुमच्या पत्रातला सगळ्यात महाग निर्णय तोच आहे आणि त्याबद्दल तुम्हाला कुणीच सावध केलेलं दिसत नाही. तो महाग का, हे पगारपत्रक उलगडल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून आधी 'निम्मा' या शब्दाचा हिशेब करू. खालचे सगळे आकडे २०२५ सालचे आहेत. दरवर्षी जानेवारीत ते थोडे सरकतात.

तुमचा महिन्याचा ग्रॉस पगार ५,००० युरो. त्यातून दोन वेगळ्या गोष्टी कापल्या जातात आणि लोक दोन्हींना सरसकट 'टॅक्स' म्हणून मोकळे होतात. एक आहे आयकर. दुसरी आहे सामाजिक विम्याची वर्गणी. तिचे चार भाग असतात : पेन्शन ९.३ टक्के, म्हणजे ४६५ युरो. बेकारी विमा १.३ टक्के, ६५ युरो. आरोग्यविमा ७.३ टक्के आणि वर विमा संस्थेच्या जादा वर्गणीचा निम्मा वाटा, सरासरी १.२५ टक्के, मिळून सुमारे ४२७ युरो. चौथा भाग म्हणजे म्हातारपणी किंवा आजारपणात सांभाळ करावा लागला तर त्यासाठीचा शुश्रूषा विमा, १.८ टक्के, ९० युरो. ज्यांना मूल नाही त्यांना यात ०.६ टक्के जास्त भरावे लागतात. तुम्हाला मुलगी आहे, ती पुण्यात असली तरी तुम्ही बाप आहातच. तेव्हा तिचा जन्मदाखला पहिल्याच आठवड्यात एच.आर.ला द्या, नाहीतर महिन्याला तीस युरो उगाच जातील.

या चारांची बेरीज साधारण १,०४७ युरो होते. तेवढीच रक्कम कंपनी स्वतःच्या खिशातून तुमच्या नावाने भरते. ती तुमच्या पाच हजारांच्या वरची असते, सीटीसीसारखी त्यातूनच वळती केलेली नसते. अपघात विमा तर पूर्णपणे मालकाच्याच माथी. ही वाटणी जुनी आहे. बिस्मार्कच्या काळात १८८३ला आरोग्यविमा आला, १८८४ला अपघात विमा, १८८९ला म्हातारपणाचा आणि अपंगत्वाचा. जर्मन माणसाला ही वर्गणी पगाराचाच भाग वाटते, कारण चार पिढ्या त्याने ती भरली आणि वापरली आहे.

आता आयकर. पहिल्या १२,०९६ युरोंवर कर नाही. पुढे १४ टक्क्यांपासून दर हळूहळू चढत जातो आणि ६८,४८० युरोंच्या वरच्या उत्पन्नावर ४२ टक्के लागतो. ऑफिसमधल्यांनी ऐकलेला आकडा हा असावा. पण तो फक्त त्या रेषेच्या वरच्या युरोंना लागतो, आणि तुमचं करपात्र उत्पन्न वर्गण्यांची वजावट होऊन ४७,०००च्या आसपास येतं. तुम्ही एकटे राहत असाल तर महिन्याला साधारण ८०७ युरो आयकर कापला जाईल, म्हणजे ग्रॉसच्या सोळा टक्के. पूर्वी बहुतेकांना लागणारा ऐक्य अधिभार, म्हणजे जर्मनीच्या एकीकरणासाठीचा जादा कर, २०२१पासून मध्यम पगारांवरून उठला आहे, तो तुम्हाला नाही.

थोडक्यात, पाच हजारांतून ३७ टक्के जातात आणि हातात सुमारे ३,१४५ युरो पडतात. त्यातला कर १६ टक्के आणि उरलेले २१ टक्के विमा. पुण्यात तुम्ही टॅक्स भरता आणि त्यानंतर हातात आलेल्या पगारातून मेडिक्लेमचा हप्ता, दवाखान्याचं बिल, टर्म इन्शुरन्स, आई-वडिलांच्या आजारपणासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, असं सगळं करता. तुलना करायचीच तर त्या सगळ्यासकट करा.

या २१ टक्क्यांत काय येतं ते सांगते, कारण मामांचं म्हणणं इथेच तपासायचं आहे. सरकारी आरोग्यविम्यात डॉक्टरकडे गेलात तर पैसे द्यावे लागत नाहीत. औषधामागे पाच ते दहा युरो, रुग्णालयात राहावं लागलं तर दिवसाला दहा युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त २८ दिवस. आजारी पडलात तर सहा आठवडे कंपनी पूर्ण पगार देते, त्यानंतर विमा संस्था ग्रॉसच्या ७० टक्क्यांपर्यंत देते. मुलगी तापाने फणफणली आणि घरी थांबावं लागलं तर आई आणि वडील दोघांनाही वर्षाला प्रत्येकी पंधरा दिवस मिळतात आणि त्या दिवसांचा बहुतेक पगार विमा संस्था भरून देते. आणि यातली सगळ्यात मोठी गोष्ट : न कमावणारी पत्नी आणि मुलं एक युरोही जास्त न भरता याच विम्यात येतात. वर्गणी तुमच्या पगारावर ठरते, घरातल्या माणसांवर नाही. एकटा माणूस ४२७ युरो भरतो आणि तिघांचं कुटुंबही ४२७च भरतं. मात्र त्यासाठी पत्नी आणि मुलगी जर्मनीत राहत असल्या पाहिजेत. चिंचवडला बसून त्यांना यातलं काही मिळत नाही.

एजंटाच्या मेसेजचं उत्तर फार सोपं आहे. खासगी विम्यात जायला वर्षाचा पगार ७३,८०० युरोंच्या वर असावा लागतो. तुमचा ६०,००० आहे, म्हणजे सरकारी विमा तुम्हाला बंधनकारकच आहे. तो एजंट तुम्हाला मिळू न शकणारी गोष्ट विकतोय, किंवा व्हिसापुरती तात्पुरती पॉलिसी गळ्यात घालू पाहतोय. पुढे पगार वाढून ती रेषा ओलांडलीत की असे मेसेज पुन्हा येतील, तेव्हा हे लक्षात ठेवा : खासगी विम्याचा हप्ता शिरतानाच्या वयावर आणि तब्येतीवर ठरतो आणि प्रत्येक माणसाचा वेगळा असतो. एकट्या तरुणाला तो स्वस्त वाटतो. पत्नी, मुलं आली की तीन-चार हप्ते होतात, वयाबरोबर वाढत जातात, आणि परत सरकारी विम्यात यायचं दार फार अरुंद असतं, वयाच्या ५५नंतर तर जवळजवळ बंदच. एक कमावता आणि मागे कुटुंब अशा घराने तिकडे फिरकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला निवडायची आहे ती फक्त सरकारी विम्याची संस्था, म्हणजे क्रांकेनकासे. टेश्नीकर, आओके, बार्मर अशा नव्वदहून अधिक आहेत. मूळ सोयी सगळीकडे सारख्याच, फरक जादा वर्गणीत आणि सेवेत. इंग्रजीत नीट बोलणारी एखादी निवडा आणि पुढे चला.

पेन्शनबद्दल मामांची काळजी मला कळते. पी.एफ.मध्ये पासबुक असतं, शिल्लक दिसते. जर्मनीत तशी शिल्लक नसते. आज नोकरी करणाऱ्यांच्या पैशातून आजच्या म्हाताऱ्यांना पेन्शन दिली जाते आणि तुमच्या नावावर पैशांऐवजी गुण जमा होतात. देशातल्या सरासरी पगाराएवढं कमावलं तर वर्षाला एक गुण. ही सरासरी २०२५ला ५०,४९३ युरो धरली आहे, म्हणजे तुम्हाला वर्षाला साधारण १.१९ गुण मिळतील. एका गुणाची किंमत जुलै २०२५पासून महिना ४०.७९ युरो आहे. हिशेब असा की एक वर्ष काम केलंत की ६७व्या वर्षापासून मरेपर्यंत, आजच्या भावाने, दरमहा सुमारे ४८ युरो. पाच वर्षं केलीत तर २४० युरो. गुणाची किंमत दर जुलैत नव्याने ठरते आणि ती मुख्यतः पगारवाढीबरोबर चढते. ही रक्कम साताऱ्यात राहूनही मिळते.

हक्क मिळायला पाच वर्षं, म्हणजे ६० महिने, भरावे लागतात. इथेच बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट आहे. भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार झालेला आहे, तो १ मे २०१७पासून लागू आहे. त्यामुळे हे ६० महिने मोजताना भारतातली पी.एफ.ची वर्षंही धरता येतात. तुम्ही तीन वर्षांत परत आलात तरी चिंचवडची नोकरी जमेस धरून हक्क शाबूत राहतो. रक्कम अर्थातच जर्मनीत भरलेल्या तीनच वर्षांची. दुसरा रस्ताही आहे : जर्मन वर्गणी ६० महिन्यांपेक्षा कमी असेल आणि तुम्ही युरोप सोडून दोन वर्षं झाली असतील, तर भरलेले पैसे परत मागता येतात. पण फक्त तुमचा वाटा मिळतो, मालकाचा नाही, आणि व्याजही नाही. चार वर्षांचे सुमारे २२,००० युरो होतात, एकरकमी बघायला मोठे वाटतात. घेतलेत की हक्क संपला. मी तरी घेऊ नका असंच सांगेन, अगदी नड असल्याखेरीज. आणखी एक धागा याच वर्गणीला बांधलेला आहे. ब्लू कार्डवाल्याला कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांनी मिळतो, बी-वन म्हणजे मध्यम पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनीच, आणि त्यासाठी तेवढे महिने पेन्शनची वर्गणी भरलेली असावी लागते. ते ४६५ युरो पाण्यात जात नाहीत, हे मामांना नक्की सांगा.

बेकारी विम्याबद्दल थोडक्यात : बारा महिने भरल्यावर नोकरी गेली तर नेट पगाराच्या ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, काही महिने मिळतात. गाड्यांच्या धंद्यात सध्या स्टुटगार्टकडे जी कपात चाललीय ती पाहता ही रक्कम लहान समजू नका. मात्र नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांत, किंवा तीन महिने आधी, रोजगार कार्यालयात नाव नोंदवावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही जर्मनीत आणि पत्नी भारतात असेल तर लग्न झालेलं असूनही करखात्याच्या लेखी तुम्ही टॅक्स क्लास एक, म्हणजे अविवाहितासारखे. नवरा-बायकोच्या उत्पन्नाची बेरीज करून, निम्मी निम्मी वाटून त्यावर कर लावायची जी सवलत जर्मनीत आहे, ती जोडीदार जर्मनीत राहत असेल तरच मिळते. युरोपीय संघातल्या देशांसाठी काही अपवाद आहेत, भारतासाठी नाही. त्यामुळे म्युनिकच्या मित्राचा सल्ला चुकीचा नाही, पण तुम्ही एकटे जाणार असाल तर तो तुम्हाला लागू नाही. पत्नी आली, तिची पत्त्याची नोंद झाली, विवाह प्रमाणपत्र दाखवलं, की दोघंही आपोआप क्लास चारमध्ये जाता. मग अर्ज करून तुम्ही तीन आणि ती पाच असं करता येतं.

आकड्यांत बघा. क्लास एकमध्ये तुमचा आयकर महिना ८०७ युरो. क्लास तीनमध्ये सुमारे ४२५. शिवाय मुलगी जर्मनीत राहायला आली की तिच्या नावाने दरमहा २५५ युरो किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता. म्हणजे एकट्याच्या हातात ३,१४५ आणि कुटुंब असलेल्याच्या हातात ३,७८०च्या घरात. फरक महिना ६३५ युरोंच्या आसपास. युरो शंभर रुपयांचा धरला तर साठ हजारांहून जास्त, तुमच्या पत्नीच्या आजच्या पगाराच्या दुप्पट. दोन वर्षांत पंधरा लाख. यात दोघींच्या फुकट आरोग्यविम्याची किंमत अजून धरलेली नाही. ही सगळी व्यवस्था तिथे राहणाऱ्या कुटुंबासाठी रचलेली आहे. बायको-मुलं मायदेशी ठेवून एकटा राबणारा माणूस तिच्यात पूर्ण भरतो आणि सगळ्यात कमी घेतो. शिवाय चार वर्षांची मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत बाप फोनवर दिसत राहणार, ही गोष्ट कुठल्याच पगारपत्रकात येत नाही. मला तीही महत्त्वाची वाटते.

तिघांचा खर्च एकट्यापेक्षा जास्त होणार हे उघड आहे. स्टुटगार्टमध्ये घर मिळणंच कठीण, आणि भाडं हातातल्या पगाराचा तिसरा हिस्सा सहज खातं, पुष्कळदा अधिक. बर्लिनमध्ये बालवाडीला फी नाही, स्टुटगार्टमध्ये आहे. शिवाय तुमच्या पत्नीला जर्मन येईपर्यंत शाळेत शिकवण्याची नोकरी मिळणं अवघड आहे, हेही तिच्याशी आधीच मोकळेपणाने बोला. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला कुठलीही नोकरी करायची परवानगी पहिल्या दिवसापासून असते, पण परवानगी असणं आणि काम मिळणं यात भाषा शिकायचं एखादं वर्ष जातं. ते वर्ष चिंचवडला वाट बघत घालवण्यापेक्षा तिथल्या वर्गात बसून घालवलेलं बरं.

शक्य असेल तर दोघींना ३१ डिसेंबरच्या आत न्या. नवरा-बायको दोघंही वर्षातला काही काळ जरी जर्मनीत एकत्र राहत असतील तरी त्या अख्ख्या वर्षाचं करविवरण जोडीने भरता येतं. म्हणजे त्या डिसेंबरात आल्या तर ऑक्टोबरपासूनच्या पगारालाही सवलत लागू होते, जानेवारीत आल्या तर २०२५ हातचं गेलं. भारतात त्या वर्षी तुम्ही दोघांनी कमावलेला पगार मात्र विवरणात दाखवावा लागतो. त्यावर जर्मनी कर घेत नाही, पण दर ठरवताना तो मोजते. यासाठी जानेवारीपासूनच्या पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. जर्मन करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, आपला फॉर्म सोळा एप्रिल ते मार्चचा, त्यामुळे नुसत्या फॉर्म सोळावर काम भागत नाही.

तारखांचाच विषय निघालाय तर भारताकडची एक तारीख. परदेशी नोकरीसाठी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला तर तो करासाठी निवासीच धरला जातो. एक एप्रिल ते ३० सप्टेंबर हे १८३ दिवस होतात. तुम्ही ३० सप्टेंबरच्या रात्री विमानात बसलात तर मार्चपर्यंतचा जर्मन पगारही भारतीय विवरणात दाखवावा लागेल. मग दोन देशांतल्या करकराराचा आधार घेऊन ते निस्तरत बसायचं. २८ सप्टेंबरला निघालात तर १८१ दिवस होतात. दिवाळीला किंवा ख्रिसमसच्या सुट्टीत घरी यायचं असेल तर तेही दिवस मोजले जातात, त्यामुळे सप्टेंबरच्या मध्यावरच निघा. घर शोधायलाही ते पंधरा दिवस कामी येतील.

पोचल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची. त्यानंतर पोस्टाने अकरा आकडी कर ओळख क्रमांक येतो. तो एच.आर.ला मिळाला नाही तर क्लास सहा लागतो आणि पहिला पगार फारच कापून येतो. पुढे तो भरून निघतो, पण नव्या देशात, घराची अनामत भरायच्या महिन्यात, हा धक्का नको. पत्त्याच्या नोंदीच्या फॉर्मवर धर्म विचारतात. चर्चचा सभासद असलेल्याला आयकराच्या आठ टक्के, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग सोडून इतर राज्यांत नऊ टक्के, चर्च कर लागतो. हे पत्र वाचणाऱ्या वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती वाचकांनी ते आधीच घरात बोलून ठरवावं, कारण सभासदत्व सोडायचं तर ती एक वेगळी, मनाला जड जाणारी प्रक्रिया आहे. तुम्हाला तो लागू नाही. काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचंही पत्र येईल, घरामागे महिना १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी ती भरायची असते, पत्र फेकून देऊ नका.

मुलीच्या किंडरगेल्डसाठी फॅमिलिएनकासेकडे, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या कार्यालयाकडे, वेगळा अर्ज करावा लागतो. तो आपोआप सुरू होत नाही, आणि उशीर झाला तर मागचे फक्त सहा महिने मिळतात. विवाह प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला मूळ प्रतीत, जर्मन भाषांतरासह सोबत असू द्या. पडताळणी कशी करून घ्यायची हे मुंबईच्या जर्मन वकिलातीकडून निघण्याआधीच विचारून घ्या. पुढचे सगळे अर्ज या दोन कागदांपाशी अडतात.

क्लास तीन-पाचबद्दल एक सावधगिरी, आणि ती तुमच्या पत्नीसाठी आहे. या जोडीने वर्षाचा एकूण कर कमी होत नाही, तो विवरणात ठरतो तेवढाच राहतो. फक्त दर महिन्याला तुमच्या हातात जास्त आणि क्लास पाचमधल्याच्या हातात फार कमी पडतात. ती कमवत नसेल तोवर काहीच बिघडत नाही. पण ती नोकरीला लागली की क्लास बदलायचा विचार करा. बाळंतपणानंतरचा पालकभत्ता आणि बेकारी भत्ता हे दोन्ही नेट पगारावर मोजले जातात. क्लास पाचमधल्या बाईचा नेट कागदावर लहान दिसतो, म्हणून तिचा भत्ताही लहान होतो. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर हा बदल दिवस राहिल्याबरोबर करायचा, कारण प्रसूतीच्या कित्येक महिने आधीचा क्लास त्यासाठी धरतात. मराठी घरांत हा निर्णय बहुतेक वेळा नवऱ्याच्या एक्सेल शीटमध्ये परस्पर होतो आणि किंमत बायको मोजते. तसं होऊ देऊ नका.

तीन-पाच घेतलं आणि दोघंही पगार मिळवत असाल तर विवरण भरणं बंधनकारक होतं, पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत. सक्ती नसती तरी पहिल्या वर्षी भराच. पगारातून कर कापताना तुम्ही वर्षभर तेवढंच कमावणार असं धरलेलं असतं, आणि तुम्ही तर तीनच महिने काम केलेलं असेल, म्हणून बहुतेक परतावा मिळतो. नोकरीसाठीचा स्थलांतराचा खर्च, विमानभाड्यासकट, वजा करता येतो. सरकारचं एल्स्टर पोर्टल मोफत आहे पण जर्मनमध्ये. नोकरदारांची विवरणं भरून देणाऱ्या सभासद संस्था असतात, लोनश्टॉयरहिल्फेफेराइन नावाच्या, त्या सल्लागारापेक्षा स्वस्त पडतात. पहिल्या वर्षी तिथेच जा. भारतातल्या सवयीने मार्चमध्ये गुंतवणुकीचे पुरावे गोळा करू नका, ८०-सीसारखं काही तिथे नाही. उलट भारतातल्या ठेवींचं व्याज जर्मन विवरणात दाखवावं लागतं, एनआरई म्हणजे परदेशस्थ भारतीयांच्या खात्याचंसुद्धा. भारतात ते करमुक्त आहे म्हणून जर्मनीत सुटत नाही.

आई-वडिलांना पाठवता ते पैसे थांबवायची गरज नाही. त्यांना स्वतःचं पुरेसं उत्पन्न नसेल तर मदतीची रक्कम एका मर्यादेपर्यंत तुमच्या उत्पन्नातून वजा होते. ही मर्यादा भारतासाठी जर्मनीपेक्षा बरीच कमी आहे, पण आहे. २०२५पासून मात्र फक्त बँकेतून पाठवलेले पैसेच धरतात. गावी जाताना हातात नेऊन दिलेले आता चालत नाहीत. तेव्हा पहिल्या महिन्यापासून त्यांच्या खात्यावर स्थायी सूचना लावून टाका. तुमच्या सरकारी विम्यात आई-वडील बसत नाहीत, म्हणून त्यांची इथली मेडिक्लेम पॉलिसी एक दिवसही खंडित होऊ देऊ नका. तुम्ही दूर असताना तिचा आधार आणखीच लागणार आहे.

आणि चिंचवडची नोकरी सोडताना एच.आर. विचारेल की पी.एफ.मधली पेन्शनची रक्कम काढायची का. नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी झाली असेल तर ती काढून घेता येते, आणि जाण्याच्या घाईत बरेचजण फॉर्मवर सही करून मोकळे होतात. ती काढू नका, त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे इथल्या पेन्शनच्या वर्षांची नोंद असलेला दाखला, मागा. वर सांगितलेल्या करारात जर्मनीतले महिने आणि इथली वर्षं एकमेकांना जोडायची आहेत, आणि पैसे काढले तर इथली वर्षं जोडायला शिल्लकच राहत नाहीत. सप्टेंबरात निघायच्या आधी हा कागद हातात पडेल असं बघा.